सात फुटांतला संसार

ती. आईस,


दिवाळीत फोन लागला नाही म्हणून तू कावली असशील. आम्ही बोटीवर होतो, आणि तिथे रेंज येते तीही मनात असेल तर. बाबांना सांग, नकाशात समुद्र शोधू नका. नदीच होती, टेम्स, पण लंडनची नव्हे. ऑक्सफर्डहून वर लेचलेडपर्यंत, जिथे ती इतकी अरुंद होते की विलोच्या पिवळ्या पानांनी माझ्या चहात दोनदा उडी मारली.

बोट म्हणजे नॅरोबोट. लांबी 60 फूट, रुंदी जेमतेम 7. अठराव्या शतकात इथल्या बऱ्याच कालव्यांवर बोटी वर-खाली करणारी लॉक तेवढीच रुंद बांधली, म्हणून बोटीही तेवढ्याच. आता नदी कितीही ऐसपैस असो, आपण आपले सात फुटांत.

हे सात फूट काय करतात ते मात्र ऐक. फोडणीत हिंग आधी की मोहरी, यावरून सासूबाईंचं आणि माझं बिनसलं. घरी असते तर मी वरच्या खोलीत गेले असते. इथे वरची खोलीच नाही. त्यांना पुढे जायचं, मला मागे. मधे ती बोळकंडी. ज्या माणसाशी अबोला धरलाय त्यालाच ‘जरा पोट आत घ्या’ म्हणावं लागतं. मग कसला राहतो अबोला!

पूर्वी तर रेल्वेने धंदा ओढून नेल्यावर घरभाडं परवडेना, म्हणून नावाडी बायकामुलांनाच बोटीवर घेऊन राहू लागले. बोटभर माल, आणि अख्खं बिऱ्हाड मागच्या 10 फुटी केबिनमध्ये. आत किती माणसांनी राहावं यासाठी 1877 मध्ये कायदा करावा लागला. सासूबाई म्हणाल्या, ‘‘आमच्या गिरगावातल्या खोलीसाठी नाही कुणी केला!’’

सासूबाईंचे चिरंजीव मकरंद कॅप्टन. नदीवर वेगमर्यादा ताशी 8 किलोमीटर, आणि आम्ही तिच्या आसपासही नव्हतो. काठावरच्या पायवाटेने एक आजी कुत्र्याला घेऊन आमच्या पुढे गेल्या. बाकावर बसल्या, कुत्र्याचे पाय पुसले, आम्ही येतोय हे पाहून उठल्या आणि पुन्हा पुढे गेल्या. मकरंदच्या अंगात मोटरवेवरचा माणूस संचारला. त्याने इंजिन रेटलं, तर मासे धरणारे एक गृहस्थ लाटेत भिजले आणि जे बोलले ते मुलीने वहीत लिहून घेतलंय.

बोट उजवीकडे न्यायची तर सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलायचा. मकरंद दर वळणाला गोंधळे. सासूबाईंना मात्र पहिल्याच झटक्यात जमलं. ‘‘तुझ्या बाबांना आयुष्यभर असंच वळवलं,’’ म्हणाल्या, आणि दांडा काही सोडेनात.

प्रत्येक लॉकमध्ये इंजिन बंद करून पुढचा-मागचा दोर धरून उभं राहायचं. दारं बंद होतात, पाणी भरतं आणि बोट लिफ्टसारखी वर येते. एका लॉककीपरला सासूबाईंनी चकली दिली. त्याने ती दोन बोटांत धरून आरपार पाहिली, आणि चहात बुडवली! सासूबाईंचा चेहरा तू पाहायला हवा होतास.

लेचलेडच्या चर्चचा कळस आधी डावीकडे दिसला, मग उजवीकडे, मग चक्क मागे. नदी इतकी वळते की सासूबाई म्हणाल्या, ‘‘एवढ्याशा गावाला तीन-तीन चर्चं?’’ गावाच्या अलीकडच्या सेंट जॉन्स लॉकवर नदीचा देव आहे. फादर टेम्स: लांब दाढी, खांद्यावर फावडं, आरामात पहुडलेला. पुतळा 1854 चा, क्रिस्टल पॅलेसच्या बागेसाठी घडवलेला. इथे आणला 1974 मध्ये. सासूबाई ओटीचं सामान काढून उभ्या. तांदूळ, खण, नारळाऐवजी सफरचंद. आपल्या कृष्णाबाईची भरतो तशी भरायची, असं घरूनच ठरवून आलेल्या. आणि समोर हा बुवा! बराच वेळ विचार करून त्यांनी खण परत पिशवीत ठेवला, सफरचंद त्याच्या पायाशी ठेवलं आणि म्हणाल्या, ‘‘लग्न झालंय का याचं, ते तरी विचारा कुणाला.’’

बाकी क्षेम. भाजणी संपली आहे. कुणी येणार असेल तर किलोभर पाठव.

तुझी,
वैशाली