पाऊण लाखाची सायकल

खडकवासल्याच्या चौपाटीवर रविवारी सकाळी सायकलवाले भेटतात तेव्हा आधी एकमेकांच्या तोंडाकडे बघत नाहीत. आधी मागच्या चाकाकडे बघतात. चेन एका दात्यावरून दुसऱ्यावर ढकलणारा जो खेकडा तिथे लटकत असतो, त्यावर काय लिहिलंय ते वाचतात आणि मग किती हसायचं ते ठरवतात. माझ्या खेकड्यावर जे लिहिलं होतं ते चिखलाखाली राहील याची मी पाच वर्षं काळजी घेतली. पावसाळ्यात सोपं जायचं. उन्हाळ्यात जरा कष्ट पडायचे.

पण सायकल बदलायला घरी सांगण्यासारखं कारण लागतं. ते मला ब्रेव्हेनं, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीनं, दिलं. २०० किलोमीटरची ब्रेव्हे साडेतेरा तासांत संपवायची असते. मी ती चौदा तास दहा मिनिटांत संपवली. ती चाळीस मिनिटं कुठे गेली याचा मी अगदी तटस्थपणे विचार केला आणि दोष सायकलीचा निघाला. चौदा किलोची हायब्रिड, पुढे शॉकॲब्सॉर्बर, ट्रॅक्टरला शोभतील असे टायर. आता सुरूरच्या अलीकडे मी मिसळ खाल्ली, पाव पुन्हा मागवले आणि झाडाखाली ‘जरा डोळे मिटतो’ म्हणालो, हे खरं आहे. पण सायकल हलकी असती तर इतकी भूकच लागली नसती.

७५ हजार मंजूर झाले. जुनी सायकल विकायची, या अटीवर.

पाऊण लाख ही रस्त्यावरच्या सायकलीसाठी फार अवघड रक्कम आहे. एवढ्या पैशात आपल्याला काय परवडत नाही हे स्वच्छ दिसू लागतं. जपानमधल्या साकाई गावात पूर्वी तलवारी बनायच्या. तिथेच १९२१ साली शिमानो कंपनी निघाली आणि तिनं सायकलवाल्यांची सरकारी कचेरीसारखी उतरंड लावून ठेवली. क्लॅरिस म्हणजे शिपाई, मागे ८ दाते-चक्रं. सोरा कनिष्ठ लिपिक, ९. टियाग्रा वरिष्ठ लिपिक, १०. मग वन-ओ-फाइव्ह, म्हणजे गॅझेटेड ऑफिसर. त्याला आधी ११ होती, आता १२. वर अल्टेग्रा आणि ड्युरा-एस बसतात, त्यांना भेटायला आधी वेळ घ्यावी लागते. माझे पैसे मला सोराच्या टेबलापर्यंत पोचवत होते. नजर मात्र आतल्या केबिनकडे.

दुकानातल्या पोरानं विचारलं, “काका, कशासाठी हवीये? फिटनेस?”

‘काका’ गिळून मी म्हणालो, “ब्रेव्हे.” त्यानं माझ्या पोटाकडे न बघण्याचा प्रयत्न केला. तो प्रयत्न मला दिसला. मग मी त्याला सांगितलं की आंतरराष्ट्रीय शर्यतीत ६.८ किलोपेक्षा हलकी सायकल चालत नाही. जणू तेवढ्या एका अडचणीमुळे मी कार्बन फ्रेम घेत नव्हतो.

घरी येऊन तक्ता केला. वजन, फोर्क, ब्रेक, टायरची रुंदी, पुढची दोन चक्रं, मागची सगळ्यात मोठी चकती. सिंहगडाचा चढ लक्षात घेतला तर पुढे ३४ आणि मागे ३२ दाते हवेत. म्हणजे पायडलच्या एका फेऱ्याला मागचं चाक जेमतेम एकदाच फिरतं आणि गुडघे शाबूत राहतात. बावीस रकाने झाले. मुलगी मागे उभी राहून बघत होती. म्हणाली, “बाबा, यात ‘चालवणार कोण’ हा रकाना नाहीये.”

तेवढ्यात अण्णा, म्हणजे माझे वडील, आले. चष्मा वर करून तक्ता वाचला आणि विचारलं, “दिवा कुठाय?”

आता अण्णांच्या दिव्याबद्दल सांगायलाच हवं, सायकल थांबेल. अण्णा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. सदाशिव पेठेतून रोज काळ्या ॲटलसवर जायचे-यायचे. रात्री दिव्याशिवाय सायकल चालवली की पोलीस धरायचे, हे त्या काळच्या पुण्यात सगळ्यांना ठाऊक. दिवा रॉकेलचा. अडवलं की सगळे एकच सांगत, “आत्ताच वाऱ्यानं विझला हो.” मग हवालदार काही न बोलता दिव्यावर तळवा ठेवायचा. दिवा गरम असला तर माणूस खरा. गार असला तर दंड. यावर अण्णांनी जो तोडगा काढला त्याला तोड नाही. ते रॉकेल भरतच नसत. चौकाच्या अलीकडे एक चहावाला होता. त्याच्या शेगडीपाशी दिवा धरून तो चांगला तापवून घेत आणि मग अंधारात, निर्मळ मनानं, चौकात शिरत. चहाला पैसे पडायचेच. तेवढ्यात आठवडाभराचं रॉकेल आलं असतं, हे मी एकदा त्यांना हिशेब मांडून दाखवलं. ते म्हणाले, “रॉकेल पिता येत नाही.”

पुढे डायनॅमो आला आणि ही कला लयाला गेली. महापालिकेच्या सायकल-कराचा पितळी बिल्ला मात्र अजून त्यांच्या खिळ्यांच्या डब्यात आहे. कधीमधी काढून अंगठ्यानं पुसतात.

त्या ॲटलसला गियर नव्हते. एका पायडलला चाक साधारण अडीच वेळा फिरायचं. चढ असो, उतार असो, समोरून वारा असो. पुढच्या दांड्यावर मी, कॅरिअरवर दळणाचा डबा. पस्तीस वर्षं. रोजचे येऊन-जाऊन चौदा किलोमीटर धरले तरी आमच्या रविवारच्या गटातल्या सगळ्यांचे मिळून होत नाहीत एवढे होतात. त्यांना कुणी कधी ‘सायकलिस्ट’ म्हटलं नाही. मी तीन रविवार गेलो आणि नावापुढे लावायला लागलो.

१९५१ साली सोनिपतला सुरू झालेल्या ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद पडला. तो दिवस नेमका जागतिक सायकल दिन. अण्णांनी पेपरात वाचलं, पेपर घडी करून ठेवला आणि म्हणाले, “आपली बंद झाली रे.” मी त्या वेळी लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन हायब्रिड शोधत होतो. ‘हं’ म्हणालो. आपण कुणाला नुसतं ‘हं’ म्हणालो ते त्या वेळी कळत नाही. मला तरी कळलं नाही.

असो. टायरकडे येतो. तक्त्यातला खरा रकाना तोच होता, हे कळायला मला चार महिने लागले. मागच्या जानेवारीत ४३७ किलोमीटरची पुणे ग्रँड टूर झाली तेव्हा शर्यतीच्या वाटेवरचे रस्ते असे झाले की पापड लाटावेत. मी कडेला उभा राहून टाळ्या वाजवल्या, परदेशी खेळाडूंच्या मागच्या चाकाकडे पाहिलं आणि आठवडाभर वन-ओ-फाइव्हसाठी कर्ज मिळेल का याची चौकशी केली. आमची गल्ली त्या ४३७ किलोमीटरांत नव्हती. आमच्याकडे सायकल ट्रॅक आहे. तो पेव्हर ब्लॉकचा आहे, त्यावर स्कूटर लावतात, आणि तो विजेच्या डीपीपाशी अचानक संपतो, उखाणा विसरलेल्या नवरीसारखा. २०१७च्या डिसेंबरात याच शहराचा सायकल आराखडा मंजूर झाला होता. तेव्हा मी पेढे आणले होते. ज्या गावात गिरणीला, कारखान्याला, कॉलेजला माणसं सायकलवरून जात, तिथे आता सायकल चालवायला पहाटे पाचला उठावं लागतं, ट्रकच्या आधी घरी परतावं लागतं, आणि त्याला छंद म्हणतात. अण्णा ऑफिसला जात होते. मी ऑफिसला सायकलनं जायची हिंमत एकदा केली. बायकोनं पोचल्यावर फोन करायला सांगितलं, मी विमानानं चालल्यासारखा.

तर टायर ३२ मिलिमीटरचे. फ्रेम ॲल्युमिनियमची. सोरा. २२ सप्टेंबर २०२५ला सायकलीवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला, त्यात माझे साडेचार हजारांवर वाचले. त्यांची मी गादी शिवलेली चड्डी आणि बुटांना अडकणारी पायडलं घेतली. पहिल्याच सिग्नलला बूट सुटला नाही आणि मी उभ्या सायकलीवरून सावकाश, झाड पडावं तसा, रिक्षावाल्याच्या मांडीवर टेकलो. “काका, बसायचंय का?” त्यानं विचारलं.

संध्याकाळी अण्णा कठडा धरत धरत खाली पार्किंगमध्ये आले. ऐंशीला टेकलेत. आधी अंगठ्यानं टायर दाबून बघितला. हा त्यांचा हवा मोजायचा मीटर. अजून अचूक आहे. मग स्टँड शोधला, नव्हता. कॅरिअर, नव्हतं. मडगार्ड, नव्हतं. घंटी होती, ती वाजवली. किंमत मी पंचेचाळीस हजार सांगितली होती. तरी ते ‘एवढ्यात काहीच दिलं नाही की’ म्हणाले.

मी हँडलवरचा दिवा लावून दाखवला. चार्जिंगचा, पांढराफेक. अण्णा पुढे झाले आणि त्यावर तळवा ठेवून थोडा वेळ तसेच उभे राहिले.

“गारच आहे रे,” म्हणाले. “धरतील तुला.”