हुरडा गरम आहे, सही करून घ्या

गणपती उठले की सोलापूर जिल्ह्यातल्या थोरल्या घरांतून फोन सुटायला लागतात. पुण्याच्या आक्काला, ठाण्याच्या तात्यांना, टेक्सासातल्या पुतण्याला. "यंदा नाताळात सगळ्यांनी यायचंच. हुरडा आहे." रेल्वेचं आरक्षण पूर्वी चार महिने आधी सुटायचं, नोव्हेंबर २०२४पासून ते साठ दिवसांवर आलं. थोरल्या घराचं आमंत्रण मात्र जुन्याच वेळापत्रकावर धावतं. रब्बीची ज्वारी धड पेरलेली नसते आणि तिचा हुरडा खायचं आवतण येऊन पडलेलं असतं. शहाण्याला इथेच शंका यावी. येत नाही, कारण गावाचं नाव काढलं की शहरी माणसाची अक्कल पहिल्या टोलनाक्यावरच जमा होते.

हुरडा खोटा नसतो, एवढं मान्य करायला हवं. सकाळच्या थंडीत बांधाजवळ आगटी खणलेली असते, गोवऱ्यांचा आर फुललेला असतो. गुळभेंडीची कोवळी कणसं त्यात खुपसायची, खरपूस झाली की तळहातावर चोळायची, फोलपटं फुंकायची आणि हिरवे, चिकट दाणे ताटलीत. सोबत शेंगाचटणी, गूळ, दही. पहिला घास खाल्ला की तात्या दरवर्षी म्हणतात, "हे सगळं सोडून आपण तिकडे काय कमावलं?" काय कमावलं ते बाहेर सावलीत उभं असतं आणि ड्रायव्हर त्याच्यावरची धूळ पुसत असतो.

आगटीपासून चार हातांवर प्लॅस्टिकची खुर्ची असते. खुर्चीवर कापडाची पिशवी, पिशवीवर एका खतकंपनीचं नाव, पिशवीत फाईल. फाईल आहे म्हणून हुरडा आहे. ही गोष्ट घरातल्या म्हशीलाही ठाऊक असते, फक्त पाहुण्यांना दुसऱ्या दिवशी दुपारी कळते.

फाईलमध्ये सातबारा, आठ-अ, वारस नोंदीचा फेरफार आणि आक्काच्या नावाचं हक्कसोडपत्र, टाईप करून तयार. फक्त सही, फोटो आणि अंगठा बाकी. सहा वर्षांपूर्वी वडील गेले तेव्हा वारस म्हणून तिघांचीही नावं लागली. शेत कसतो तो धाकटा, अण्णा. त्याचं म्हणणं असं, की बहिणीचं नाव उताऱ्यावर "उगाच" राहिलंय. तात्यांचं नाव उगाच राहिलंय असं तो म्हणत नाही. ते पुरुषांच्या बाबतीत आपोआप योग्य असतं.

या "उगाच"ला कायद्याचा मोठा इतिहास आहे. महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क देणारी दुरुस्ती केंद्राच्या अकरा वर्षं आधी, १९९४ साली केली. अट एवढीच, की तोवर मुलीचं लग्न झालेलं नसावं. म्हणजे ज्यांना वडिलांनी एकविसाव्या वर्षी घाईघाईने उजवलं, त्यांनीच घाई केली असं सरकारदरबारी ठरलं. मग ९ सप्टेंबर २००५ला केंद्राची दुरुस्ती लागू झाली आणि लग्नाची अट गेली. तरी वकील मंडळींनी पंधरा वर्षं एक प्रश्न जिवंत ठेवला: त्या तारखेला बाप हयात हवा की नको? ११ ऑगस्ट २०२०ला विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, गरज नाही, हक्क जन्मानेच मिळतो. त्या दिवसापासून भावांच्या आवाजातला गोडवा वाढला आहे, अशी या स्तंभाची नम्र नोंद आहे.

गोडव्याचा दरही ठरलेला आहे. साध्या वर्षी आक्काला इरकल. सहीच्या वर्षी पैठणी.

टेक्सासच्या पुतण्याची कथा निराळी. तो तात्यांचा मुलगा. तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगांत त्याने कॅलिफोर्नियाचे बदाम आणलेत, जे सोलापूरच्या बाजारपेठेतही मिळतात. परदेशस्थ भारतीयाला इथे शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने मात्र मिळते, हे त्याला विमानातच कोणीतरी सांगितलं. तेव्हापासून तो बांधावर उभा राहून "आमची जमीन" असे फोटो काढतोय. तात्या हयात आहेत, याकडे त्याचं अंमळ दुर्लक्ष झालंय. तात्यांनाही नाव सोडायचं नाही, कारण महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर माणूस आधी शेतकरी असावा लागतो. ठाण्यात विसाव्या मजल्यावर राहणारे, कुंडीतली तुळसही पाण्यावाचून मारणारे तात्या कागदोपत्री शेतकरी आहेत आणि मुळशीत फार्महाऊस होईपर्यंत तसेच राहणार आहेत. म्हणून सोडायचं ते आक्कानेच.

सगळा खेळ दिवसांचा आहे. राज्य सरकारने २०२० साली पाच दिवसांचा आठवडा केला. नाताळाला दुय्यम निबंधकाचं कार्यालय बंद, शनिवार-रविवार बंद. पाहुण्यांच्या मुक्कामात हाती उरतात जेमतेम दोन दिवस, आणि त्यांतल्या एकाला सर्व्हर बसतो. तेव्हा हुरड्याच्या आदल्या रात्री अण्णा गाड्यांची वाटणी करत असतो. कोणत्या गाडीत आक्का, कोणत्या गाडीत दोन साक्षीदार, आधारकार्डं कोणाच्या खिशात. पोरांना सांगितलेलं असतं, "उद्या तालुक्याला जिलेबी खायला जायचंय."

आता थोरल्या घरांच्या हिशोबातली एक चूक सांगायला हवी. आक्का बत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाली आहे. अशा बाईपुढे कागद ठेवून "इथे सही कर" म्हणणं म्हणजे पोलिसाला पाकीट दाखवून त्याच्याच खिशात हात घालणं. तिने आगटीशेजारी बसूनच चष्मा लावला आणि हक्कसोडपत्र मोठ्याने वाचायला घेतलं. भाचे-पुतणे कणसं टाकून भोवती गोळा झाले.

"राजीखुशीने, कोणत्याही दबावाशिवाय, कोणताही मोबदला न घेता," आक्का थांबली. "अण्णा, मोबदला नाही म्हणतोस, मग कालची पैठणी कशाची?"

"अगं, ती प्रेमाची."

"मग तसं लिही की. आणि हे काय, 'स्वखुशीने' दोनदा आलंय. एकदा लिहिलं असतं तर विश्वास बसला असता."

वहिनींनी हुरड्याची ताटली पुढे केली. "वन्सं, गरम आहे तोवर घ्या." तात्यांना अचानक ऑफिसचा फोन आला. पुतण्याने विचारलं, मुखत्यारपत्र करून टेक्सासातून नाही का होणार हे? त्यावर अण्णाने वकिलात, अपोस्टिल, इथे आल्यावर तीन महिन्यांत मुद्रांक असा सगळा पाढा म्हणून दाखवला. इतकी तयारी फक्त हुरड्यासाठी कोणी करत नाही, हे तेव्हा त्या पोरालाही कळलं.

आक्काने फाईल पिशवीत घातली, पिशवी स्वतःच्या काखेत. "सही नाही करणार असं नाही. माझ्या वाट्याची मोजणी करून घे. विहिरीकडची बाजू मला. कसायला तूच घे, दरवर्षी धान्य दे. पावतीवर." मग दाणे तोंडात टाकून, "मीठ कमी पडलंय चटणीत," एवढं बोलून ती उठली.

तालुक्याच्या जिलेबीचा बेत रद्द झाला. निरोपाच्या वेळी पोरं म्हणाली, पुढच्या वर्षी परत येऊ. अण्णा गाडीच्या खिडकीशी उभा होता. "पुढल्या साली ज्वारी नाही करणार," तो म्हणाला. "ऊस लावतोय. उसाला पाहुणे लागत नाहीत, टोळी येते."