चिठ्ठी लिहिणाऱ्यांना विचारा

एप्रिल २०२१, कोरोनाची दुसरी लाट. महाराष्ट्रात खुशाली विचारायचे दोनच प्रश्न उरले होते. ‘स्कोअर किती?’ आणि ‘इंजेक्शन मिळालं का?’ स्कोअर म्हणजे छातीच्या एचआरसीटी स्कॅनचा, पंचवीसपैकी. इंजेक्शन म्हणजे रेमडेसिविर. नाव घ्यायचीही गरज पडत नसे.

मिळालं तर माणूस वाचणार, नाही मिळालं तर जाणार, अशी सगळ्यांची खात्री झाली होती. ती कोणी करून दिली?

पुराव्याने नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सॉलिडॅरिटी चाचणीचे अंतरिम निष्कर्ष ऑक्टोबर २०२० मध्येच हाती आले होते. ३० देश, ११ हजारांहून अधिक रुग्ण. रेमडेसिविरने मृत्यू कमी होताना दिसत नव्हते. २० नोव्हेंबरला संघटनेने सांगून टाकलं, रुग्णालयात दाखल असलेल्यांना हे देऊ नका. आपली दुसरी लाट त्यानंतर तीन महिन्यांनी सुरू झाली.

तीन महिने पुरेसे नव्हते?

औषध अगदीच कुचकामी होतं असंही नाही. अमेरिकेच्या चाचणीत बरं व्हायला लागणारे दिवस १५ वरून १० वर आले होते. पुढे २०२२ मध्ये, ऑक्सिजनवर असलेल्या पण व्हेंटिलेटर न लागलेल्या रुग्णांना थोडा फायदा दिसला. म्हणजे लवकर द्यायचं आणि निवडक रुग्णांना द्यायचं. आपल्याकडे व्हेंटिलेटरवरच्या माणसासाठीही तीच चिठ्ठी आणि ताप उतरत आलेल्या माणसासाठीही तीच.

नातेवाइकांना नावं ठेवणाऱ्यांनी जरा ती फाईल उघडून पाहावी. आधार कार्डाची झेरॉक्स, आरटीपीसीआरचा रिपोर्ट आणि लेटरहेडवर ‘सहा व्हायल, अर्जंट’. आत आई ऑक्सिजनवर. डॉक्टर म्हणतात, ‘तुम्ही आणून द्या.’ कोणता मुलगा अशा वेळी डॉक्टरांकडे चाचणीचा अहवाल मागेल? तो गाडी काढतो आणि या मेडिकलमधून त्या मेडिकलमध्ये पळत सुटतो.

बारामतीत तर रिकाम्या व्हायलमध्ये पॅरासिटामॉल भरून विकणारे पकडले गेले. पकडले, चांगलंच झालं. पण त्यांना गिऱ्हाईक कोणी तयार करून दिलं?

एका खासदारांनी दिल्लीहून विमानाने नगरला इंजेक्शनं आणली. व्हिडिओ फिरला, प्रकरण औरंगाबाद खंडपीठात गेलं. इंजेक्शनं किती आणि आणली कुठून, यावर रान उठलं. ती कोणाला द्यायची आणि त्याने काय होणार, यावर नाही.

प्लाझ्माचं तेच. जून २०२० मध्ये राज्य सरकारने ‘प्लॅटिना’ या प्लाझ्मा-चाचणीचा गाजावाजा केला. त्याच वर्षी आयसीएमआरच्या चाचणीचा निकाल आला. ३९ रुग्णालयं, ४६४ रुग्ण. प्लाझ्मा दिल्याने ना आजार वाढायचा थांबला, ना मृत्यू कमी झाले. मार्गदर्शक सूचनांतून प्लाझ्मा निघाला १७ मे २०२१ रोजी. तोवर व्हॉट्सअॅपवर ‘बी पॉझिटिव्ह प्लाझ्मा हवा, अर्जंट’ फिरतच होतं.

चाचणी आपली, रुग्ण आपले, संस्था सरकारी. मग मधले महिने कोणाची वाट पाहत होतो?

हे खूळ एकट्या आपल्याकडचं नव्हे. मार्सेयच्या दिदिए राऊल्ट यांनी मार्च २०२० मध्ये जेमतेम ३६ रुग्णांच्या जोरावर हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनची द्वाही फिरवली. ट्रम्प यांनी ती उचलली. जूनमध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीने हे औषध रुग्णालयातल्या रुग्णांना वाचवत नाही हे दाखवून दिलं. मूळ शोधनिबंध मागे घेतला गेला डिसेंबर २०२४ मध्ये. दाव्याला चार दिवस लागतात. तो मागे घ्यायला पावणेपाच वर्षं लागली.

गोव्याने तर कमालच केली. १० मे २०२१ रोजी आरोग्यमंत्र्यांनी जाहीर केलं की अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना आयव्हरमेक्टिन. आजारी असो वा नसो! चाचणीबाहेर हे औषध वापरू नका असं जागतिक आरोग्य संघटनेने मार्चमध्येच म्हटलं होतं, आणि संघटनेच्याच डॉ. सौम्या स्वामिनाथन यांनी त्याची लगेच आठवणही करून दिली. त्या दिवसांत गोव्याच्या सरकारी रुग्णालयात माणसं ऑक्सिजनअभावी तडफडत होती. मंत्र्यांनी गोळ्यांआधी सिलिंडरची घोषणा करायला हवी होती.

आजाराच्या तीव्रतेच्या वादातही असेच टोकाचे दोन तट. एकाला हा साधा फ्लू वाटायचा, दुसऱ्याला जगबुडी. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन वॉर्डांतल्या सर्वेक्षणात वस्त्यांमधल्या ५७ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडं आढळली, इमारतींमध्ये १६ टक्के. आकडा मोलाचा होता. संसर्ग कितीतरी अधिक पसरलाय आणि दर शंभर संसर्गांमागे मृत्यू वाटले त्याहून कमी आहेत, हे त्याने दाखवलं. लोकांनी त्यातून काढलं काय? संपला कोरोना!

पुढच्या फेब्रुवारीत अमरावतीला पुन्हा लॉकडाऊन लागला.

आता खरोखर जीव वाचवणारं औषध बघा. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड. जुनं, स्वस्त, तालुक्याच्या मेडिकलमध्येही मिळणारं. जून २०२० मध्येच सिद्ध झालं होतं की व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले एक तृतीयांश मृत्यू त्याने कमी होतात, ऑक्सिजनवरच्यांतले एक पंचमांश. ज्यांना ऑक्सिजन लागत नाही त्यांना मात्र उपयोग नाही, उलट अपाय होऊ शकतो. ही अट त्याच निकालात लिहिलेली होती. तरीही घरात बसलेल्या, साखर न तपासलेल्या रुग्णांना पहिल्या दोन-तीन दिवसांतच स्टेरॉइड सुरू झालं. पुढे म्युकरमायकोसिस आला. लोकांचे डोळे गेले, जबडे काढावे लागले.

म्हणजे लागू पडणारं औषधही आपण पुरावा न वाचताच दिलं.

डॉक्टर अठरा-अठरा तास उभे होते, स्वतः आजारी पडत होते, मरतही होते. मान्य. त्यांच्यावर ‘काहीतरी करा’ म्हणणाऱ्या नातेवाइकांचा दबाव होता, हेही मान्य. पण याने फरक पडेलच असं नाही, त्यासाठी धावू नका, आईजवळ थांबा, एवढं एक वाक्य बोलायला किती वेळ लागतो? जे बोलले, त्यांनी कित्येकांची वणवण वाचवली.

वणवण संपली, अपराधाची भावना संपलेली नाही. इंजेक्शन एक दिवस आधी मिळालं असतं तर बाबा असते, असं मानून जगणारी मुलं आजही गावोगाव आहेत. कोणी दागिने मोडले, कोणी चौपट पैसे मोजले, कोणाला मिळालंच नाही. दोष ते स्वतःला देतात.

त्यांना सांगायला हवं की तुम्ही कमी पडला नाहीत, त्या इंजेक्शनाने बहुधा तुमचे बाबा वाचले नसते. आणि हे ज्यांनी चिठ्ठी लिहिली होती, त्यांनीच सांगायला हवं.