खटखट गेली, कटकट राहिली

आवाज गिळणाऱ्या हेडफोनची परीक्षा घेणारी जी मंडळी यूट्यूबवर असतात, ती बहुतेक विमानात बसलेली असतात. खिडकीबाहेर ढग, समोर कॉफी, आणि चेहऱ्यावर अशी समाधी की आळंदीला जागा मिळावी. "इंजिनचा आवाज बघा कसा गायब झाला," असं ती डोळे मिटून सांगतात. मी हातकणंगल्यात राहतो. आमच्याकडचे आवाज निराळे. शेजाऱ्यांच्या शेडातले चोवीस माग, कोल्हापूर-सांगली रस्त्यावरचे हॉर्न, कारखान्याकडे निघालेले उसाचे ट्रॅक्टर आणि थोरल्या काकी. यांतल्या एकाचीही चाचणी कुणी घेतलेली मला सापडली नाही.

विमानाचाच हट्ट का, ते नंतर कळलं. हे यंत्रच विमानात सुचलेलं आहे. 1978 साली अमर बोस झुरिकहून बॉस्टनला निघाले होते. गृहस्थ एमआयटीत प्राध्यापक. वडील कलकत्त्याचे क्रांतिकारक, इंग्रजांचा ससेमिरा चुकवून अमेरिकेला गेलेले. विमान कंपनीने दिलेले हेडफोन त्यांनी कानाला लावले, तर इंजिनच्या घरघरीत संगीत पार बुडून गेलं. दुसरा कोणी असता तर झोपला असता. बोसांनी कागद काढला आणि उतरेपर्यंत गणित मांडलं. वैमानिकांसाठीचा हेडसेट बाजारात आला तो 1989 साली. अकरा वर्षं! हे वाचून मला फार बरं वाटलं, कारण मी पुस्तकांची मुद्रितं तपासतो आणि पुण्याहून दर आठवड्याला "झालं का?" असा फोन येतो.

हेडफोनची गरज निघाली ती या मुद्रितांमुळेच. म्हणजे मला वाटत नव्हती. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या भाच्याला वाटत होती. "मामा, तुमच्याकडं एवढा गोंगाट असतो, तुम्ही काना-मात्रा बघता तरी कशा?" आता काना-मात्रा मी डोळ्यांनी बघतो, पण भाचा कमावता असला की त्याचा मुद्दा पटतो.

तरीही गोंगाट आहे हे तोवर माझ्या लक्षात आलं नव्हतं, हे खरं. आमच्याच तालुक्यातल्या इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी 1904 साली पहिला यंत्रमाग बसवला, तेव्हापासून हा तालुका खटाखट करतो आहे. चार पिढ्या त्या आवाजात पाळण्यात झोपल्या, लग्नं ठरवून मोकळ्या झाल्या. आमच्या गल्लीत माग चालू असताना कुणी जागं होत नाही. रात्री लाइट गेली, माग थांबले, की घरोघरी माणसं दचकून उठतात. "काय झालं? काय झालं?" शांतता झाली, दुसरं काय! लाइट आली की पुन्हा सगळे घोरायला लागतात.

पण भाच्याने डोक्यात भरवलं आणि मी इचलकरंजीच्या एका दुकानात गेलो. सोबत गल्लीतले एक जुने पैलवान होते. त्यांना नातवासाठी काहीतरी घ्यायचं होतं. दुकानातल्या पोराने आधी कानात खुपसायचे बड्स दाखवले. पैलवानांना वाटलं आपणही बघावं. तालमीत घासून घासून त्यांचे कान मोडलेले, पाळ्यांच्या गाठी झालेल्या. बड्स टिकेनात. मग कानावर बसणारा मोठा लावला, तर गादी आणि कान यांच्यामध्ये फट राहू लागली, आणि फट राहिली की घरघर सरळ आत. पोरगं वैतागून म्हणालं, "काका, तुमचा कान ह्याला मॅच होत नाही."

"ह्या कानासाठी लई वर्सं माती खाल्लीया, पोरा," पैलवान म्हणाले. "तूच दुसरं कायतरी मॅच होणारं आण."

माझे कान चारचौघांसारखे, त्यामुळे मला कारण सांगून सुटता येईना. पोराने माझ्या डोक्यावर मोठा हेडफोन चढवला, बटण दाबलं, आणि दुकानातल्या एसीचा आवाज नाहीसा झाला. एसी चालू होता हेही मला तेव्हाच समजलं. "आता मी बोलतो, ऐकू येतंय का सांगा," तो म्हणाला.

"येतंय की."

"गाणं लावल्यावर येणार नाही."

गाणं लावल्यावर ऐकू येत नाही, ही सोय आमच्या साध्या ट्रान्झिस्टरमध्येही होती. पण तोवर तो तीस तासांच्या बॅटरीवर गेला होता. पहिल्या रांगेतले हेडफोन पंचवीस-तीस हजारांचे, शेवटच्या रांगेतले दोन-तीन हजारांचे; मी मराठी माणसासारखा मधल्या रांगेतला घेतला. घरी बिल बघून आमची ही म्हणाली, "एवढ्यात हुपरीचं पैंजण आलं असतं. आणि त्याचा आवाजबी गोड असतोय."

यंत्राचं तत्त्व मात्र झकास आहे. पॉल लुएग नावाच्या जर्मन गृहस्थाने 1936 साली त्याचं अमेरिकी पेटंटही मिळवलं होतं. आवाज म्हणजे हवेच्या दाबाचे चढउतार. हेडफोनमधले बारीक माइक येणारा आवाज टिपतात, चिप त्याची नेमकी उलटी लाट बनवते आणि ती कानात सोडते. चढ तिथं उतार, उतार तिथं चढ, बेरीज शून्य. गावकीतले दोन गट मिळून रस्त्याच्या कामाचं जे करतात, तेच.

घरी ओसरीवर बसून मी बटण दाबलं. कानांत जरा दडे बसल्यासारखं झालं आणि चोवीसच्या चोवीस माग गेले. खोटं नाही, अंगावर काटा आला. जन्मल्यापासून पहिल्यांदाच, लाइट असतानाही, आमच्या गल्लीला पार्श्वसंगीत नव्हतं. डोक्यावरचा पंखा फिरत होता, पण मुक्याने. आणि त्या निर्मळ शांततेत, एकेक अक्षर सुटं सुटं करून, थोरल्या काकींचा आवाज आला :

"कानावर काय ठेवलंय रं त्यानं? रेडा पाण्यात बसल्यागत बसलाय बघ."

झालं होतं असं की, उलटी लाट जमते ती एका सुरात घुमणाऱ्या खर्जाच्या आवाजाशी. विमानाचं इंजिन, एसी, पंखा, लांबून एकजीव होऊन येणारे माग. पुढच्या क्षणीही ते तसेच असणार, म्हणून चिपला ते सापडतात. माणसाचं बोलणं वरच्या पट्टीत चालतं. त्यातले च, ट, स तर उड्या मारतच येतात. चिप तयार होईपर्यंत शब्द कानात पोचलेला असतो. तिथं गादी अडवील तेवढंच. एरवी मागांच्या घरघरीखाली काकींचं निम्मं बोलणं दबून जायचं. ती घरघर मी पैसे मोजून काढून टाकली, आणि काकी माझ्यापुढे स्वच्छ, नितळ, मुद्रणदोषविरहित अशा प्रकट झाल्या. म्हणजे जे माझे कान फुकटात बंद ठेवत होते तेच या यंत्राने बंद केलं, आणि ज्याच्यापासून पळायचं होतं त्याला दार उघडून दिलं.

याहून मोठी गंमत पुढं झाली. हेडफोन दिसला की माणूस बहिरा झाला, असं गल्लीने परस्पर ठरवून टाकलं. मी ओसरीवर मुद्रितं घेऊन बसलो की लोक माझ्यासमोर माझ्याविषयी बोलू लागले. मोकळेपणाने, तपशीलवार, मधून मधून माझ्याकडे बोट करून. "दिसभर दुसऱ्याच्या चुका काढायच्या आणि त्याचं पैसं घ्यायचं. आमच्या सासूनं जन्मभर फुकट काढल्या," असं माझ्या धंद्याचं वर्णन मी ऐकलं. माझ्या नव्या चपलेची किंमत, भाच्याचं न जमलेलं लग्न, मी तरुणपणी केलेल्या कविता. त्या कवितांचा विषय समोरच्या घरात अजून चालू आहे, ही माहिती एरवी मला कुठून मिळाली असती? मान हलवायची सोय नव्हती, कारण ऐकू येतंय हे कळलं तर पुढचा भाग बुडायचा. मी पानावर नजर ठेवून बसायचो. त्या पुस्तकात पुढे बऱ्याच चुका निघाल्या.

ऑनलाइन मीटिंगचं म्हणाल तर तिथं वेगळंच. आपल्या कानातला गोंगाट गेला म्हणजे पलीकडच्याच्याही गेला, असं काही नाही. पुण्याच्या संपादकबाईंनी एकदा काळजीने विचारलं, "तुमच्याकडे फार पाऊस पडतोय का हो?" डिसेंबर होता. मी बाहेरच्या मागांकडे बघून "हो, जोराचा आहे," म्हटलं, आणि मुद्रितांना दोन दिवस वाढवून मिळाले.

डिसेंबर म्हणजे उसाचा हंगाम. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, त्यावर ड्रायव्हर, आणि ड्रायव्हरला झोप येऊ नये म्हणून अख्ख्या तालुक्याला जागं ठेवणारा टेप. इथं हेडफोनने कमालच केली. इंजिनची धडधड खर्जातली, ती गेली. गाणं मात्र राहिलं. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या एक लावणी कुणाच्याही आधाराशिवाय, एकटीच, रस्त्याने सरकत सरकत जाताना ऐकू यायची. हे ऐकायला गोड वाटतं, पण रस्त्यावर हा प्रकार भलताच जिवावरचा. मागून येणारं इंजिनच ऐकू आलं नाही तर लावणी ऐकत ऐकत वर जायची वेळ. रस्त्यावर पाऊल टाकलं की मी तो गळ्यात उतरवतो. चैत्र-वैशाखात तर घरातही उतरवतो. त्या गाद्यांखाली कान उकडून निघतात.

शेजारच्या शेडात नेऊन दाखवायची हौस मला आवरली नाही. आत गेल्यावर मात्र यंत्र गडबडलं. लांबून जी घरघर, ती जवळून हजार फटके असते. धोटा या टोकाकडून त्या टोकाला आपटतो तो प्रत्येक ठोका वेगळा. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी 90 डेसिबलची मर्यादा आहे, पण ती कुणी वाचून दाखवली तरी शेडात ऐकू येणार नाही. तिथली माणसं हाताच्या खुणांनी आणि ओठांवरून बोलतात. इंग्लंडात लँकेशरच्या गिरण्यांतल्या बायकाही अशाच ओठांचे मोठमोठे आकार करून बोलत, आणि तिकडच्याच मँचेस्टरच्या नावाने आमच्या इचलकरंजीला ओळखतात, तेव्हा नातं जुनंच. मी जॉबरच्या डोक्यावर हेडफोन चढवला. त्याने क्षणभर डोळे विस्फारले, मग घाईघाईने काढून माझ्या हातात दिला आणि कानाशी येऊन ओरडला, "कुठला माग आजारी हाय ते आवाजावरनं कळतंय! हे घालून मी काय बघू?" आणि तिसऱ्या रांगेतल्या एका मागाकडे धावला. मला सगळे सारखेच वाटत होते.

खरी कसोटी गणपतीत लागली. आमच्याकडे भिंतीएवढ्या स्पीकरच्या थप्प्यांना डॉल्बी म्हणतात. ते ज्यांचं आडनाव, त्या रे डॉल्बींनी 1965 साली लंडनमध्ये प्रयोगशाळा काढली ती टेपवरची बारीक खरखर घालवण्यासाठी. त्याआधी दोन वर्षं ते संयुक्त राष्ट्रांचे सल्लागार म्हणून भारतातच होते. ते चंदीगडला राहिले. कोल्हापूर-सांगलीला नेमणूक झाली असती तर खरखरीचा प्रश्न त्यांना इतका गंभीर वाटला नसता. दरसाल डॉल्बीमुक्त मिरवणुकीची आवाहनं होतात आणि त्या आवाहनांनाही स्पीकर लागतो. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे राहत्या वस्तीत दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. साधं बोलणंच साठच्या घरात जातं, म्हणजे कायदा काटेकोर पाळला तर आमच्या घरात फक्त कुजबुज उरेल आणि काकींना तडीपार व्हावं लागेल. मिरवणूक दारात आली तेव्हा मी मोठ्या भरवशाने बटण दाबलं. हेडफोनने एक-दोनदा आत "धप्" असा स्वतःचाच आवाज काढला आणि हात टेकले. तो कान झाकतो. डॉल्बी बरगड्यांतून येतो. कपाटातली भांडी नाचत होती, खिडकीच्या काचा थरथरत होत्या, आणि मी बहिरेपणाचं सोंग घेऊन छातीने ऐकत उभा होतो.

एवढं झाल्यावर तो परत खोक्यात गेला असता, पण भाचा दिवाळीला आला आणि त्याने त्यातली एक कळ काकींना दाखवली. ती दाबली की उलटा कारभार : बाहेरचा आवाज माइकमधून आत येतो आणि थोडा वाढूनही येतो. काकींना अलीकडे डाव्या कानाने कमी ऐकू येतं. त्या हे कबूल करत नाहीत, "तुम्हीच हळू बोलता," म्हणतात. त्यांनी पदर सारखा करून हेडफोन घातला, ओसरीच्या टोकाला जाऊन बसल्या, आणि पलीकडच्या वाड्यात दोन भावांची वाटणीवरून जुंपली होती तिकडे तोंड केलं. जेवायला बोलावलं तर नुसता हात वर. चहा नेऊन दिला, तो निवला. दिवेलागणीला माझ्या खोलीत आल्या आणि हेडफोन मुद्रितांवर ठेवला.

"सेल उतरला बघ ह्याचा. मी जेवून येतो, तवर चार्जिंगला लाव. थोरल्यानं विहीर मागितलीया, धाकटा अजून बोललेला न्हाई."