निकाल ठरलेला, हाडं खरी

‘नुरा कुस्ती ती. सगळं आधीच ठरलेलं. त्यात बातमी कसली?’ व्यावसायिक रेसलिंगचा विषय निघाला की हे वाक्य येतंच. नाटकाचा शेवटही आधीच ठरलेला असतो. म्हणून नाट्यसमीक्षा कुणी बंद केली का?

शिवाय नाटकात मेलेला राजा पडदा पडल्यावर उठून चहा पितो. इथे पडलेला माणूस कधीकधी उठत नाही.

नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या पोरांनी डब्ल्यूडब्ल्यूएफ या अमेरिकी रेसलिंग कंपनीचे पत्ते झिजेपर्यंत खेळले. उंची, वजन, छाती, दंड, जिंकलेल्या लढती. सगळं पाठ. त्या पत्त्यावर दुखापतीचा रकाना नव्हता.

डिसेंबर 1984. न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. एबीसी वाहिनीचा बातमीदार जॉन स्टॉसेल डब्ल्यूडब्ल्यूएफच्या डेव्हिड शुल्ट्झ या पैलवानाला तोंडावर म्हणाला, मला हे खोटं वाटतं. शुल्ट्झने त्याच्या दोन्ही कानांखाली एकेक ठेवून दिली. स्टॉसेल आडवा.

पुढे 1989 मध्ये त्याच डब्ल्यूडब्ल्यूएफने न्यू जर्सीच्या सिनेटला आपण होऊन सांगितलं, हा खेळ नव्हे, करमणूक आहे. का? खेळ म्हटला की क्रीडा आयोगाची देखरेख आली, करही आला.

बातमीदार बोलला तर थप्पड. मालक बोलला तर सवलत.

देखरेख नको झाली, पण रिंग तीच राहिली. लोखंडी तुळया, त्यावर लाकडी फळ्या, वर पातळसा फोम आणि ताणलेला कॅनव्हास. त्यावर रात्रीमागून रात्र पाठीवर आपटायचं. कसं पडायचं ते शिकवतात, पण मणक्याला किती वर्षं समजवणार? आणि कागदोपत्री हा पैलवान कंपनीचा नोकर नाही, ‘स्वतंत्र कंत्राटदार’ आहे. पाठीशी युनियनही नाही.

23 मे 1999 रोजी कॅन्सस सिटीत डब्ल्यूडब्ल्यूएफचा पैलवान ओवेन हार्ट छतावरून दोराने रिंगमध्ये उतरताना कोसळला आणि गेला.

कार्यक्रम पुढे चालू राहिला.

हे वर्षानुवर्षं लिहीत कोण होतं? मोठ्या दैनिकांच्या क्रीडापानाला या धंद्याचा विटाळ. कॅलिफोर्नियातला डेव्ह मेल्टझर ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपासून ‘रेसलिंग ऑब्झर्व्हर’ नावाचं पत्रक काढत होता. बारीक टाइप, फोटो नाही, नुसती मजकुराची भिंत, टपालाने वर्गणीदाराच्या घरी. 1987 मध्ये वेड केलरचं ‘टॉर्च’ आलं. तिकिटं खरंच किती खपली, कुणाचा करार संपतोय, कोण कशाच्या इंजेक्शनवर उभा आहे, हे तिथे वाचायला मिळे. पैसा वाचकाचा होता, मालकाच्या जाहिरातीचा नव्हे. कणा ताठ राहतो तो असा.

मेल्टझरचं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते मृत्युलेखन. ज्याच्यासाठी दैनिकात चार ओळी निघाल्या नसत्या, त्याच्या अख्ख्या कारकिर्दीचा हा माणूस पानंच्या पानं हिशेब मांडतो. हे लेख इतके साचले की त्यांची ‘ट्रिब्यूट्स’ नावाने दोन पुस्तकं निघाली. कुठल्या करमणुकीच्या धंद्यात समीक्षकावर ही पाळी येते?

लढतींना तो देतो त्या ताऱ्यांशी मात्र माझं भांडण आहे. 4 जानेवारी 2017 ला टोकियो डोममध्ये ओकाडा आणि ओमेगा हे पैलवान भिडले. लढत अप्रतिम होती, वादच नाही. पण याने पाचपैकी सहा तारे दिले, पुढच्या वर्षी सात! समोर लढत आली की ताणते ती मोजपट्टी कसली? आणखी एका ताऱ्यासाठी कुणी पोरगा मानेवर पडत असेल, तर त्या पडण्यात समीक्षकाचाही वाटा आहे.

जपानची गोष्ट वेगळी आणि जास्त बोलकी. तिथल्या ‘शुकान प्रोरेस’ साप्ताहिकाने 2 एप्रिल 1995 ला चक्क टोकियो डोममध्ये स्वतःचा कार्यक्रम भरवला, 13 संस्थांचे पैलवान एका रात्री उतरवले. वर्षभरात ‘न्यू जपान’ या रेसलिंग कंपनीने त्याच साप्ताहिकाला दार बंद केलं. 1996 मध्ये संपादक टारझन यामामोटोला खुर्ची सोडावी लागली. मालकांच्या पंगतीला बसलं की पान उचलायचा हक्कही मालकांचाच.

आणि 2022 मध्ये काय झालं? 16 वर्षांत चार महिलांना गप्प ठेवण्यासाठी डब्ल्यूडब्ल्यूएफचा (आता डब्ल्यूडब्ल्यूई) प्रमुख व्हिन्स मॅकमहन याने 1 कोटी 20 लाख डॉलरहून अधिक रकमेचे करार केल्याची बातमी फुटली. फोडली कुणी? ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने, शेअर बाजाराच्या पेपरने! रोज पडद्यामागच्या खबरा देणारे तेव्हा कुठे होते?

पुढचा पट्टा कुणाच्या कमरेला, हे आधी सांगणाऱ्यांची आज रांग लागली आहे. मला वाचायचाय तो बातमीदार, जो मान मोडलेल्या पैलवानाच्या खाटेशी जाऊन विचारतो, बिल कोण भरतंय?