ताकाओच्या डोंगरावरून

तोक्यो

तीर्थरूप आई-बाबांस,

आई, "तिकडे देवाधर्माचं काही करता, की नुसतंच ऑफिस?" असं तू फोनवर विचारलंस. तर ऐक. रविवारी सहकुटुंब ताकाओ डोंगर चढून आलो. शिंजुकूहून गाडीने तासाभरावर, आणि बसायला जागा मिळाली! (विरार लोकलमध्ये उभं आयुष्य उभ्याने काढलेल्या बाबांसाठी हे मुद्दाम लिहितोय.) उंची 599 मीटर, म्हणजे आपल्या तुंगारेश्वराने लाजावं असं काही नाही.

वाटेत एक जुनं सुगीचं, म्हणजे जपानी देवदाराचं, झाड आहे. त्याची मुळं रस्त्यात आली म्हणून तोडायला निघाले, तर झाडाने म्हणे रातोरात मुळं आखडून घेतली नि वाट दिली. वसईत रस्तारुंदीकरणाच्या वेळी एकाही झाडाला, किंवा ओट्याला, हे सुचलेलं नाही.

पुढे वाट फुटते. पुरुषांच्या वाटेला 108 पायऱ्या, बायकांची वाट सोपी. तुमची सून 108 चढून वर पोचली, मी दुसऱ्या वाटेने मागून आलो. यावर चर्चा नको.

वर याकुओ-इन हे बौद्ध मंदिर, इ. स. 744 मध्ये ग्योकी नावाच्या भिक्षूने स्थापलेलं. देव इझुना दाइगोंगेन: चोच, पंख, आणि उभा पांढऱ्या कोल्ह्यावर. त्याच्यात पाच देव एकवटलेत म्हणतात. पैकी गरुड, गणपती नि सरस्वती आपल्याकडचेच, जपानी नावं घेतलेले. आत होम पेटला, ढोल घुमला, धुराने डोळे चुरचुरले, तेव्हा कुठे मला जरा बरं वाटलं. दाराशी तेंगू हे डोंगराचे राखणदार. त्यांचं हातभर नाक पाहून धाकटा मोठ्याने ओरडला, "आजोबा!" बाबा, मी त्याला रागावलो, पण हसून झाल्यावर.

जेवायला सोबा, म्हणजे शेवयाच. वर आपल्या कोनफळाच्या जातीचा कंद कच्चाच किसून घातलेला, बुळबुळीत. उकडहंडी खाणाऱ्या माणसाला हे बघवत नाही. तरी दोन वाडगे संपवले.

मार्चच्या दुसऱ्या रविवारी डोंगराच्या पायथ्याशी मोठा होम करतात. तो विझत आला की यामाबुशी, म्हणजे डोंगरात तप करणारे साधक, त्यावरून अनवाणी चालतात, आणि मागून तुमच्याआमच्यासारखे भाविकही. आई, तू चालशीलच. बाबांना मी धरीन. तेवढा पासपोर्ट काढून घ्या.

तुमचा,
बाळ