वेड्यांची निवड समिती

विदर्भाचा सर्वकालीन संघ निवडायला बसलेल्या नागपूरकराच्या तोंडून पहिलं नाव निघतं ते सी. के. नायडूंचं. आता सीके विदर्भाकडून रणजीचा एकही सामना खेळलेले नाहीत. जन्म नागपूरचा, 31 ऑक्टोबर 1895 चा. पण रणजीतला त्यांचा मोठा काळ गेला इंदूरला, होळकरांच्या संघात. शेवटचा रणजी मोसम 1956-57 चा, तोही उत्तर प्रदेशाकडून, वयाची साठी उलटल्यावर. विदर्भाचा संघ रणजीत उतरला त्याच्या पुढच्याच मोसमात, 1957-58 मध्ये. एका वर्षाने चुकामूक झाली. कागदावर पाहिलं तर हा माणूस विदर्भाच्या संघात बसूच शकत नाही. पण कस्तुरचंद पार्कजवळ तर्री-पोहे खाता खाता कुणी ही शंका काढलीच, तर उत्तर तयार असतं: ‘अबे, सीके नाही तं मंग टीम कायची?’

हे उत्तर बरोबर आहे, असं मी मानतो. ज्याने 1932 साली लॉर्ड्सवर भारताचं पहिलं कसोटी कर्णधारपद भूषवलं, त्याला त्याच्याच जन्मगावाच्या संघातून पात्रतेच्या कलमाखाली वगळायचं, याला शहाणपण म्हणत असतील, तर मला वेड्यांच्या बाजूला बसवा.

या वेडाची चेष्टा पुष्कळ होते. मेलेल्या आणि जिवंत खेळाडूंचा एक संघ करायचा, जो कधी मैदानात उतरणार नाही, ज्याला विरोधी संघ नाही, आणि त्यात सातव्या क्रमांकावर कोण यावरून जुन्या मित्राशी महिनाभर बोलायचं नाही. हिशेबी माणसाला हा शुद्ध वेळेचा अपव्यय वाटतो. जगभर मात्र हेच चाललेलं असतं. लिव्हरपूलने 2006 मध्ये आपल्या चाहत्यांना क्लबचे सर्वात आवडते शंभर खेळाडू निवडायला सांगितले, तेव्हा पहिला आला केनी डॅल्ग्लिश. 2013 मध्ये पुन्हा विचारलं, तर पहिला आला स्टीव्हन जेरार्ड. मधल्या सात वर्षांत डॅल्ग्लिशच्या जुन्या गोलांपैकी एकही कमी झाला नव्हता. लोकांचा जीव तेवढा दुसऱ्यात गुंतला होता. याला कुणी चंचलपणा म्हणेल. मला त्यात निष्ठा दिसते, कारण ज्याला नुकतं डोळ्यांनी पाहिलं त्याच्यावर माणूस जास्त जीव टाकणारच.

नागपूरकराला असं डोळ्यांनी पाहायला फार उशिरा मिळालं. 1957 पासून साठ वर्षं विदर्भ रणजीच्या अंतिम सामन्यात पोहोचलाच नाही. साठ वर्षं! या काळात सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर जी माणसं उन्हात गोलंदाजी करत राहिली, त्यांची नावं राष्ट्रीय निवड समितीच्या कागदावर क्वचितच चढली. प्रीतम गंधेसारखा ऑफस्पिनर वर्षानुवर्षं बळी घेत राहिला, भारताची टोपी त्याला मिळाली नाही. वेगवान गोलंदाज प्रशांत वैद्यला चार एकदिवसीय सामने मिळाले आणि विषय संपला. विदर्भाच्या खेळाडूला कसोटीची टोपी मिळाली ती थेट 2011 मध्ये, वलनीच्या खाणकामगाराचा मुलगा उमेश यादव याला. अशा प्रदेशात चाहत्याने फक्त आकड्यांवर संघ निवडला, तर तो दिल्ली-मुंबईच्या निवड समित्यांचाच निकाल पुन्हा एकदा लिहून काढेल. गंधेला उमेशच्या शेजारी बसवणारा वेडा निदान स्वतःचा निकाल देतो.

आणि कर्णधार? तिथे वेड पूर्ण भरात येतं. फैज फजल. भारताकडून एकच एकदिवसीय सामना, जून 2016, हरारे, नाबाद 55. त्यानंतर पुन्हा कधीच बोलावणं नाही. पहिल्याच सामन्यात अर्धशतक काढून नाबाद परतलेल्या माणसाला परत न विचारणं हा शहाण्यांचा निर्णय होता. वेड्यांचा निर्णय असा की त्याला सीकेंच्याही वर कर्णधार करायचं. कारण 2017-18 च्या मोसमात त्याने 912 धावा केल्या, विदर्भाला पहिल्यांदा अंतिम सामन्यात नेलं आणि 1 जानेवारी 2018 रोजी दिल्लीला नऊ गड्यांनी हरवून करंडक उचलला. तोही इंदूरला, सीकेंच्या होळकरांच्या गावात. त्या सामन्यात रजनीश गुरबानीने हॅटट्रिक घेतली. रणजीच्या अंतिम सामन्यातली ती दुसरी. पहिली 1972-73 मध्ये तमिळनाडूच्या कल्याणसुंदरमची. गुरबानीचा तिसरा बळी होता शतकवीर ध्रुव शोरे.

हा शोरे लक्षात ठेवा, कारण वेड्यांच्या पंगतीतला सगळ्यात अवघड प्रश्न त्याच्यापासून सुरू होतो. काही वर्षांनी तोच दिल्लीचा शोरे विदर्भाकडून खेळू लागला. आपला कोण आणि परका कोण? वसीम जाफर अस्सल मुंबईकर. पण इंदूरला विदर्भाच्या टोपीत तो होताच, आणि 2018-19 मध्ये चाळिशीच्या वयात त्याने हजारावर धावा करून विदर्भाला सलग दुसरं विजेतेपद मिळवून दिलं. त्याला संघात न घेणारा वेडा मला अजून भेटलेला नाही. करुण नायर कर्नाटकचा. 2025 च्या अंतिम सामन्यात, नागपूरजवळच्या जामठ्याला, विदर्भाकडून केरळविरुद्ध दुसऱ्या डावात त्याचं शतक आलं. त्याच सामन्यात केरळच्या बाजूने 79 धावा काढून विदर्भाला घाम फोडला तो आदित्य सरवटेने. आपल्या सरवटेने! ज्याने 2019 च्या अंतिम सामन्यात याच मैदानावर अकरा बळी घेतले होते, चेतेश्वर पुजाराला दोन्ही डावांत स्वस्तात परत पाठवलं होतं.

त्या दिवशी विदर्भाच्या चाहत्याने काय करायचं होतं? शहाण्याला सोपं आहे: सरवटे परका झाला, करुण आपला झाला, करारपत्र वाचा. वेड्याला हे जमत नाही. तो विदर्भ जिंकावा म्हणून जीव टाकतो आणि सरवटेचं शतक व्हावं असंही त्याला वाटत राहतं. विदर्भ पहिल्या डावातल्या 37 धावांच्या आघाडीवर तिसऱ्यांदा विजेता ठरला. सर्वकालीन संघात डावखुऱ्या फिरकीची जागा तरीही सरवटेचीच राहिली. त्या मोसमात हर्ष दुबेने 69 बळी घेऊन एका रणजी मोसमातला विक्रम केला, तरीही! हे अन्यायाचं आहे, मला मान्य आहे. पण 2019 विसरण्याची अट ज्या न्यायात असते, तो मला नको.

माझी एकच तक्रार आहे, ती अशी की हे वेड अजून पुरेसं वेडं नाही. सीकेंसाठी पात्रतेचं कलम फाडून टाकणारी हीच मंडळी मोना मेश्रामचं नाव काढलं की एकदम नियमांवर येतात. नागपूरची ही फलंदाज भारताकडून खेळली, 2017 च्या विश्वचषक संघात होती. पण महिलांचा संघ वेगळा, म्हणतात. ज्या संघात कधीच विदर्भाकडून न खेळलेला माणूस सलामीच्या चर्चेत आहे, दोन मुंबई-बंगळुरूवाले आहेत आणि कर्णधार एका एकदिवसीय सामन्याचा धनी आहे, त्या संघाला हा एक नियम एवढा जड का व्हावा? ती घ्या. मधल्या फळीत जागा होते.

कामठीत याच वेळी फुटबॉलचा संघ निवडला जात असेल आणि तिथलं वेड आमच्याहून जुनं आहे असं तिथली माणसं सांगतील. सांगू देत. आमचा वाद तूर्त यष्टिरक्षकावर अडला आहे. अक्षय वाडकर, कारण 2018 च्या अंतिम सामन्यात शतक आणि 2025 ला कर्णधार म्हणून करंडक. की अमरावतीचा जितेश शर्मा, ज्याने भारताची टोपी घातली? माझं मत वाडकरला. अमरावतीवाले ऐकणार नाहीत, हे ठाऊक आहे.